बांधकाम नियमावलीतील फेरबदल कसा वाचावा आणि त्यावर हरकत कशी नोंदवावी

महाराष्ट्रातील झपाट्याने वाढणाऱ्या शहरांत बांधकामाचा एखादा नियम उघडपणे रद्द झाल्याचे क्वचितच दिसते. नियम राहतो, त्याचा क्रमांकही राहतो. बदलतो तो तक्त्यातला एखादा आकडा, व्याख्येतले दोन शब्द, नाहीतर एका परंतुकाखाली, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अटीखाली, आणखी एक परंतुक येऊन बसते. अशा बदलाची सूचना राजपत्रात येते, वर्तमानपत्रात बारीक अक्षरांतली जाहिरात येते, हरकती व सूचनांसाठी एक महिना मिळतो, आणि सूचनेचा अर्थ लागेपर्यंत तो महिना सरलेला असतो. पुढील मार्गदर्शन त्या एका महिन्यासाठी आहे. सूचना कोठे शोधावी, ती कशी वाचावी, कोणती माहिती मागवावी आणि हरकत कशी लिहावी म्हणजे तिला उत्तर द्यावेच लागेल, एवढ्यापुरतेच ते मर्यादित आहे. गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी, प्रभागात काम करणारे कार्यकर्ते किंवा शेजारच्या भूखंडावर काय उभे राहणार याची काळजी असलेले रहिवासी, यांपैकी कोणालाही वकिलावाचून एवढे काम करता येते.

आधी कलम पाहावे

सूचनेच्या पहिल्या परिच्छेदातच कायद्याचे कलम नमूद केलेले असते, आणि पुढची सगळी वाट त्यावर ठरते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास नियंत्रण नियमावली ही विकास आराखड्याचाच भाग असते; त्यामुळे नियमातला शब्द बदलणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आराखडा बदलणेच होय. संपूर्ण नवा आराखडा असेल तर कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते, कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते आणि कलम ३१ खाली शासन मंजुरी देते. एवढा मोठा सोपस्कार असल्यामुळे त्याची चर्चा होते, नकाशे लागतात, लोक रांगा लावून हरकती देतात. नियम सैल होतात ते बहुधा या मार्गाने नव्हे, तर कलम ३७ खालच्या फेरबदलाने.

कलम ३७ चे तीन उपविभाग ओळखता आले पाहिजेत. कलम ३७(१) खाली महापालिका स्वतःहून किंवा शासनाच्या निर्देशावरून फेरबदलाची सूचना काढते. कलम ३७(१कक) खाली लोकहितासाठी तातडीची गरज आहे अशी खात्री झाल्यास शासन महापालिकेला मध्ये न घेता थेट सूचना काढू शकते. कलम ३७(२) खाली संचालक, नगररचना यांचा सल्ला घेऊन शासन फेरबदल मंजूर करते, बदलून मंजूर करते किंवा नाकारते. सूचनेत ३७(१कक) असेल तर हरकत महापालिकेत देऊन भागत नाही. ती सूचनेत नाव दिलेल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा नगररचना विभागाच्या विभागीय सहसंचालकांकडे, द्यावी लागते. महापालिकेच्या आवक कक्षाचा शिक्का घेऊन निर्धास्त राहिलेल्यांच्या हरकती मोजणीतच येत नाहीत असे यातून घडू शकते.

याच वेळी कलम १५४ चा उल्लेख आहे का तेही पाहावे. या कलमाखाली शासन नियोजन प्राधिकरणांना निर्देश देऊ शकते, आणि प्रारूप फेरबदल अंतिम मंजुरीची वाट न पाहता लगेच अमलात आणण्यासाठीही त्याचा वापर झालेला आहे. तसा निर्देश असेल तर हरकतींचा महिना चालू असतानाच नव्या नियमाखाली परवानग्या सुरू होऊ शकतात. अशा वेळी हरकत पहिल्याच आठवड्यात द्यावी, आणि प्रारूपाच्या आधारे दिलेल्या परवानग्या अंतिम निर्णयाच्या अधीन राहतील अशी अट घालण्याची मागणी तीत वेगळ्या मुद्द्याने करावी.

कलम ३७ ला एक मर्यादा आहे: फेरबदलाने आराखड्याचे स्वरूप बदलता कामा नये. हरकतदाराच्या हातातला हा सर्वांत भक्कम कायदेशीर मुद्दा असूनही तो मोघमपणे मांडल्याने वाया जातो. एका फेरबदलाने स्वरूप बदलत नाही असे उत्तर ठरलेले असते. म्हणून त्याच नियमात यापूर्वी झालेले फेरबदल तारखांसह एका पानावर मांडून, सगळ्यांचा मिळून परिणाम काय होतो ते दाखवावे लागते. कायद्यानुसार आराखड्याचे पुनर्विलोकन वीस वर्षांतून एकदा व्हायला हवे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ मध्ये मंजूर झाला आणि त्यानंतरचा २०१७ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. मधल्या काळात शहर थांबत नाही, आणि मग आराखड्याचे काम फेरबदलांच्या ठिगळांनी चालते.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घेतलेली बरी. पुणे महापालिकेशी संबंधित एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये असे स्पष्ट केले की नियमावलीत बदल करणे हे विधायी स्वरूपाचे काम आहे, आणि मंजुरी देताना शासनाने प्रारूपात काही बदल केले म्हणून पुन्हा सुनावणी देणे बंधनकारक ठरत नाही. थोडक्यात, अंतिम अधिसूचना प्रारूपापेक्षा वेगळी असू शकते आणि तिच्यावर दुसरी संधी मिळेलच असे नाही. जे म्हणायचे ते पहिल्याच महिन्यात म्हणून घ्यावे.

सूचना कोठे सापडते

शासनाच्या नगरविकास विभागाचे संकेतस्थळ, राजपत्राचे संकेतस्थळ आणि महापालिकेच्या नगररचना व बांधकाम विकास विभागांची पाने आठवड्यातून एकदा चाळावीत. राजपत्रात विभागीय पुरवण्या वेगळ्या असतात, त्यांतली आपल्या महसूल विभागाची पुरवणी पाहावी. महिना कोणत्या तारखेपासून मोजायचा ते सूचनेतच लिहिलेले असते, आणि जाहिरातीची तारीख व राजपत्राची तारीख एकच असेल असे गृहीत धरू नये. २०२२ नंतर अनेक महापालिकांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांकडे होता. त्या काळातल्या ठरावांवर सभागृहातील चर्चेचा वृत्तांत मिळणार नाही, प्रशासकांपुढे ठेवलेली टिप्पणी मात्र मागता येते.

वाचावे कसे

पहिले काम म्हणजे सध्याचा नियम आणि प्रस्तावित नियम शेजारी शेजारी ठेवणे. मुंबई महापालिका आणि काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, तर मुंबईत विकास आराखडा २०३४ सोबतची २०१८ ची नियमावली. दोन्हींत मंजुरीनंतर वारंवार बदल झालेले आहेत, त्यामुळे मूळ छापील प्रत पुरत नाही. अद्ययावत प्रतच घ्यावी. दोन रकान्यांचा तक्ता करावा, डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा, आणि बदललेल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही, कारण सूचनेच्या प्रस्तावनेत दिलेला हेतू आणि तक्त्यात प्रत्यक्ष केलेला बदल यांचा मेळ दर वेळी बसतोच असे नाही.

तक्ता झाला की सर्वप्रथम आकडा कशावर मोजला जातो ते पाहावे. टक्केवारी तशीच ठेवून ज्या क्षेत्रावर ती मोजायची ते क्षेत्रच लहान करणे, हा नियम पोकळ करण्याचा सर्वांत शांत मार्ग आहे. मुंबईतील कापड गिरण्यांच्या जमिनींचे उदाहरण यासाठी अभ्यासावे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकाला. गिरणीचे बांधकाम पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही या वाटणीत येत होती. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. तीन वाटे कागदावर तसेच राहिले, पण वाटायची जमीन आकसली. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा शेड आणि इमारतींनीच व्यापलेली असते, हे लक्षात घेतले की किती आकसली याचा अंदाज येतो. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बदललेला नियम कायम झाला. म्हणून प्रस्तावात भूखंडाचे क्षेत्र, निव्वळ क्षेत्र, मोकळे क्षेत्र, विकासयोग्य क्षेत्र यांपैकी कोणता शब्द काढला आणि कोणता घातला, ते आधी पाहावे. टक्केवारीकडे नंतर वळावे.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे उंबरठे, आणि त्यांत रस्त्याची रुंदी सर्वांत महत्त्वाची. एकत्रीकृत नियमावलीत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे बोलीभाषेतला एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण), समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेला आहे. २०२० मध्ये मंजूर झालेल्या तक्त्यानुसार महापालिका हद्दीत, दाट वस्तीच्या क्षेत्राबाहेर, ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या निवासी भूखंडाला मूळ १.१० एवढाच निर्देशांक मिळतो. रस्ता ९ मीटरचा झाला की अधिमूल्य (वाढीव बांधकामासाठीचे शुल्क) भरून ०.५० आणि टीडीआरच्या, म्हणजे दुसऱ्या भूखंडावरून हस्तांतरित केलेल्या विकास हक्काच्या, रूपाने ०.४० मिळून तो २.०० वर जातो. त्यावर निवासी इमारतीत ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र अधिमूल्य भरून घेता येते. आता १००० चौरस मीटरच्या भूखंडाचे गणित करावे: अरुंद रस्त्यावर १,१०० आणि त्याचे ६० टक्के ६६०, एकूण १,७६० चौरस मीटर, ९ मीटरच्या रस्त्यावर २,००० आणि १,२००, एकूण ३,२०० चौरस मीटर. भूखंड तोच असताना बांधकाम दुपटीच्या जवळ जाते.

त्यामुळे रस्त्याची रुंदी म्हणजे प्रत्यक्ष वापरातली रुंदी की नकाशावर आखलेली रुंदी, हा प्रश्न कोट्यवधी रुपयांचा होतो. पुण्यात २०२० मध्ये ६ मीटर रुंदीचे अनेक रस्ते ९ मीटरचे करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा वाद झाला तो याच मुद्द्यावर. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा आखली की दोन्ही बाजूंच्या भूखंडांना नव्या रुंदीचा लाभ घेण्याची वाट मोकळी होते. रस्ता प्रत्यक्षात रुंद होतो तो मात्र एकेका सोसायटीचा पुनर्विकास होऊन ती आपली पट्टी सोडेल तेव्हा. एखादी पुढे, दुसरी मागे, अशी दातेरी कड असलेल्या त्या गल्लीतून अग्निशमन गाडी वळेल का, हा प्रश्न तक्त्यात कुठेच विचारलेला नसतो. हरकतीत तो विचारावा, आणि वाढीव निर्देशांक सलग किती लांबीचा रस्ता प्रत्यक्ष ताब्यात आल्यावर मिळावा याची अट शब्दांत सुचवावी.

रुंदीखेरीज इतरही उंबरठे असतात. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ही १५ मीटर आणि त्याहून उंच इमारतींना उंच इमारत मानते. स्थानिक नियमात त्याहून वरची मर्यादा धरली असेल तर मधल्या उंचीच्या इमारती कोणत्या अग्निसुरक्षा तरतुदींतून सुटतात ते तपासावे. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांसाठी २०,००० चौरस मीटरचा उंबरठा आहे, आणि त्यावरच्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते; क्षेत्र मोजण्याची व्याख्या बदलली तर प्रकल्प या रेषेच्या आत सरकतो.

तिसरी गोष्ट सामासिक अंतराची, म्हणजे इमारतीच्या भोवती सोडायच्या जागेची. हे अंतर अनेकदा उंचीच्या अपूर्णांकात सांगितलेले असते आणि अपूर्णांकातला बदल डोळ्याला लहान दिसतो. त्यामुळे प्रत्येक वेळी तो मीटरमध्ये रूपांतरित करावा, आणि शेजारच्या भूखंडावरही तसेच बांधकाम होणार असे धरून दोन खिडक्यांमधले अंतर काढावे. नियम कागदावर एका भूखंडापुरता असतो, उजेड आणि वारा मात्र दोन्ही मिळून अडतात.

मोकळ्या जागेबाबत ती जमिनीवर आहे की पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या उंचावलेल्या गच्चीवर, हे वाचावे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील एका प्रकरणात, नियमाने बंधनकारक असलेले मनोरंजन मैदान जमिनीवरच हवे आणि पोडियमवरची जागा तिच्या बदल्यात धरता येणार नाही, असा निर्णय दिला. प्रस्तावात ‘किंवा पोडियमवर’ असे दोन शब्द आले तर झाडांची मुळे, पाणी मुरणे आणि बाहेरून येणाऱ्या वाहनाला वळायला मिळणारी जागा अशा तिन्ही गोष्टी एकदम जातात.

चौथी गोष्ट स्वेच्छाधिकाराची, आणि माझ्या मते याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत नियम ६४(ब) होता: विशिष्ट प्रकरणात दाखवता येण्याजोगी अडचण असेल तर आयुक्त लेखी कारणे नोंदवून मोजमापांत सवलत देऊ शकतील, मात्र आरोग्य, अग्निसुरक्षा आणि रहिवाशांची सुरक्षितता यांना बाधा येता कामा नये. एकत्रीकृत नियमावलीतही असा अधिकार आहे. अरुंद किंवा वेड्यावाकड्या भूखंडावर तो हवाच. त्याशिवाय जुन्या पेठांमधल्या घरांचा पुनर्विकास अशक्य होईल. प्रश्न येतो तो अपवादाचा दर ठरतो तेव्हा. कमी पडणाऱ्या मोकळ्या जागेसाठी प्रति चौरस मीटर अधिमूल्य भरले की अडचण सिद्ध झाली, असा प्रघात पडला की नियम आणि सवलत यांतला फरक फक्त रकमेचा उरतो. प्रस्तावात ‘विशिष्ट प्रकरणी’, ‘लेखी कारणे नोंदवून’, ‘सुरक्षिततेला बाधा न येता’ यांपैकी कोणता शब्दप्रयोग गळला ते पाहावे. काही वेळा आयुक्तांचा अधिकार खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवलेला असतो, तेही नोंदवावे.

मुदतीच्या तारखांचा प्रकार वेगळा आहे. गुंठेवारी नियमित करण्याच्या २००१ च्या कायद्यातली तारीख १ जानेवारी २००१ होती, ती २०२१ मधील सुधारणेने ३१ डिसेंबर २०२० वर आली. झोपडपट्टीवासीयांच्या पात्रतेची तारीख १९९५ वरून २००० आणि पुढे २०११ वर सरकली. यातल्या लोकांना घराचा हक्क मिळू नये असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. परंतु तारीख सरकते हे ठाऊक असल्यामुळे पुढची अनधिकृत विक्री करणाऱ्याचे फावते, आणि त्याचा भुर्दंड शेवटी घर घेणाऱ्यालाच पडतो. नियमितीकरणाच्या प्रस्तावावर हरकत घेताना राहणाऱ्या कुटुंबाविरुद्ध लिहू नये. संरचनात्मक तपासणीची आणि रस्त्याच्या किमान रुंदीची अट, तसेच जमा होणारी रक्कम त्याच वसाहतीत खर्च करण्याची अट मागावी.

अधिमूल्यामुळे महापालिका स्वतःच फेरबदलाची लाभार्थी ठरते, हे वाचताना विसरू नये. जानेवारी २०२१ मध्ये शासनाने बांधकाम अधिमूल्यांत डिसेंबरअखेरपर्यंत ५० टक्के सवलत दिली आणि त्या बदल्यात विकासकांनी ग्राहकांचे मुद्रांक शुल्क भरावे अशी अट घातली. ती मंदीच्या काळातली उपाययोजना होती असे म्हणता येईल. नियोजनाच्या दृष्टीने मात्र एक प्रश्न उरतो: वाढीव बांधकामामुळे लागणारे पाणी, मलनिःसारण आणि रस्ते ज्या रकमेतून व्हायचे ती निम्मी झाली, तर उरलेला खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार? अधिमूल्य कमी करणाऱ्या प्रत्येक प्रस्तावावर हा प्रश्न याच शब्दांत विचारावा.

सगळेच फेरबदल सैल करणारे नसतात, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. जानेवारी २०१२ मध्ये मुंबईत बाल्कनी, फुलझाडांचे कठडे आणि कोनाडे यांसारख्या एफएसआयमधून सुटणाऱ्या जागा मोजणीत घेतल्या गेल्या आणि त्याऐवजी निवासी इमारतींना अधिमूल्य भरून ३५ टक्के भरपाई क्षेत्र ठरवून दिले गेले. इमारती त्यामुळे लहान झाल्या नाहीत, पण प्रत्येक प्रकरणात वेगळी सवलत देण्याची वाट बऱ्याच अंशी बंद झाली. टंकदोष सुधारणारे, दोन तरतुदींमधली विसंगती दूर करणारे आणि खरोखर सुधारणा करणारे बदल वेगळे काढावेत आणि त्यांना लेखी पाठिंबा द्यावा. सरसकट सगळ्याला विरोध करणाऱ्याचे पत्र सुनावणी अधिकारी एका ओळीत निकाली काढतो.

माहिती मागवणे

माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस असतात आणि हरकतीलाही साधारण तेवढेच, त्यामुळे अर्ज सूचना हाती आल्याच्या दिवशीच करावा. राज्याच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये. शासनाकडे फेरबदलाची मूळ मागणी करणारे पत्र, त्यावरील टिप्पणी आणि संचालक, नगररचना यांचे अभिप्राय मागावेत. महापालिकेकडे दुसरा अर्ज करावा आणि त्यात संबंधित नियमाखाली गेल्या तीन वर्षांत सवलत दिलेल्या प्रस्तावांची यादी, प्रत्येकातील कमी पडलेले अंतर मीटरमध्ये आणि वसूल केलेले अधिमूल्य मागावे. अग्निशमन दल, पाणीपुरवठा आणि मलनिःसारण या खात्यांचे अभिप्राय घेतले होते का, हे तिसऱ्या अर्जात विचारावे. अभिप्राय घेतलेच नव्हते असे उत्तर आले तर तोच हरकतीतील सर्वांत जड मुद्दा होतो.

‘का केले’ असा प्रश्न अर्जात विचारू नये, कारण माहिती अधिकारात कागद मिळतात, खुलासे नव्हेत. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ग) प्रमाणे लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित सर्व वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करणे हे प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. याचा उल्लेख हरकतीतही करावा. उत्तर मुदतीत न आल्यास अर्जाची पोच जोडून हरकत द्यावी आणि माहिती मिळताच पूरक निवेदन देण्याचा हक्क राखून ठेवत असल्याचे लिहावे.

हरकत लिहिणे

हरकतीचे पत्र दोन पानांपेक्षा मोठे नसावे. जोडपत्रे कितीही असोत. प्रत्येक मुद्द्यात प्रस्तावातील अनुक्रमांक, सध्याची तरतूद, प्रस्तावित तरतूद, तिचा मोजता येणारा परिणाम आणि पर्यायी शब्दरचना या पाचही गोष्टी हव्यात. पर्यायी शब्दरचना बहुतेक जण देत नाहीत, आणि नेमकी तिचीच सर्वांत जास्त गरज असते. अधिकाऱ्याला अहवालात ‘हरकत अंशतः मान्य’ असे लिहायचे झाले तर त्याच्यापुढे तयार वाक्य हवे. समजा, बाजूचे सामासिक अंतर उंचीच्या एक-पंचमांशावरून एक-षष्ठांशावर आणण्याचा काल्पनिक प्रस्ताव आहे. त्यावरचा मुद्दा असा लिहिता येईल:

‘अनुक्रमांक ४ मधील फेरबदलामुळे ६० मीटर उंचीच्या इमारतीच्या बाजूचे अंतर १२ मीटरवरून १० मीटर होते. लगतच्या भूखंडावरही तेवढ्याच उंचीची इमारत झाल्यास दोन इमारतींमधील अंतर २४ मीटरवरून २० मीटर होते. या बदलाबाबत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभिप्राय प्रस्तावासोबत प्रसिद्ध केलेला नाही. सबब हा फेरबदल वगळावा. तो वगळणे शक्य नसल्यास पुढील परंतुक जोडावे: परंतु, निवासी खोल्यांच्या खिडक्या ज्या बाजूस उघडतात त्या बाजूस हे अंतर उंचीच्या एक-पंचमांशापेक्षा कमी असणार नाही आणि अग्निशमन गाडीच्या मार्गात वाहनतळ, रॅम्प किंवा यंत्रसामग्री ठेवता येणार नाही.’

भाषा कोरडी ठेवावी. बिल्डरांचे संगनमत, भ्रष्टाचार, शहराची वाट लागली असे शब्द मनात असले तरी पत्रात घालू नयेत. ते सिद्ध करता येत नाहीत आणि मूळ आकडा झाकतात. छापील नमुन्यावर शंभर सह्या घेण्यापेक्षा आपापल्या गल्लीचे मोजमाप दिलेली दहा वेगळी पत्रे जास्त उपयोगी पडतात, कारण एकसारखी पत्रे अहवालात एकच हरकत म्हणून गटवली जातात. रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी टेपने मोजून, दोन टोकांच्या खुणा दिसतील असे छायाचित्र तारखेसह जोडावे. पत्र हातोहात देऊन आवक क्रमांक घ्यावा आणि त्याच दिवशी ईमेलनेही पाठवावे. सुनावणी हवी असल्याचे स्वतंत्र वाक्य शेवटी लिहावे.

सुनावणी आणि त्यानंतर

शासनाने काढलेल्या सूचनेवर कलम १६२ खाली नेमलेला अधिकारी सुनावणी घेतो. एकाच दिवशी अनेकांना बोलावलेले असते आणि वाट्याला काही मिनिटे येतात, त्यामुळे पत्र वाचून दाखवण्यात वेळ घालवू नये. सर्वांत भक्कम दोन मुद्दे तोंडी सांगावेत, मोजमापाचा नकाशा समोर ठेवावा आणि पूरक निवेदनाची प्रत देऊन पोच घ्यावी. हजेरीपटावर सही करण्याचे विसरू नये. सुनावणीनंतर आठवड्याभरात अधिकाऱ्याच्या अहवालाची मागणी करावी. तो मिळायला वेळ लागतो, पण आपल्या मुद्द्यावर काय शेरा मारला गेला हे त्यातूनच कळते आणि पुढे न्यायालयात जायचे ठरल्यास याच शेऱ्यापासून सुरुवात होते. न्यायालयात उशीर नडतो; नव्या नियमावर इमारती उभ्या राहून सदनिकांची विक्री झाली की तिसऱ्यांचे हक्क मध्ये येतात.

अंतिम अधिसूचना आली की ती पुन्हा प्रारूपाशी ताडून पाहावी आणि ती कोणत्या तारखेपासून लागू आहे, तसेच चालू प्रकल्पांना नव्या नियमाचा पर्याय दिला आहे का, हे वाचावे. असा पर्याय असेल तर अर्धवट बांधलेली इमारतही सुधारित परवानगी घेऊन आणखी मजले चढवू शकते. शेजारचा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असल्यास त्याचे मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात; त्यांच्या प्रती आपल्याकडे आधीच उतरवून ठेवल्या तर नंतरचा बदल ओळखता येतो. त्या प्रकल्पात ज्यांनी घर घेतले आहे त्यांच्या हातात तर आणखी एक साधन आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ प्रमाणे इमारतीच्या किंवा सामायिक जागांच्या मंजूर नकाशात मोठा बदल करण्यासाठी प्रवर्तकाला किमान दोन-तृतीयांश खरेदीदारांची आगाऊ लेखी संमती घ्यावी लागते, आणि महापालिकेने नव्या नियमाखाली सुधारित परवानगी दिली म्हणून ही संमती आपोआप मिळाली असे होत नाही. विक्री करारात अशी संमती आधीच लिहून घेतली जाते का, हे करारावर सही करण्यापूर्वी पाहावे, आणि तसे कलम आढळल्यास ते काढून टाकण्याची मागणी लेखी करावी.